प्रकल्प नोंदी: घाट, पोट आणि वीस तारीख

१ जून २०२५, रविवार

काम असं: साताऱ्यात बोगद्यापाशी सुरुवात, यवतेश्वरचा घाट धावत चढायचा, वर कासच्या रस्त्याने थोडं पुढे जायचं आणि तसंच खाली यायचं. एकूण बारा किलोमीटर. मध्ये संडास शोधत फिरायचं नाही. मुदत सप्टेंबरअखेर. वेळेची अट नाही, कितीही हळू चालेल.

याच घाटात दर वर्षी हिल मॅरेथॉन होते. ती माझ्या यादीत नाही. पहाटे हजारो लोकांच्या गर्दीत फिरत्या शौचालयाच्या रांगेत उभं राहायचं आणि तोफ वाजायच्या आत नंबर लागेल का याचा हिशोब करायचा, हा स्वतंत्र प्रकल्प आहे. हा झाला की बघू.

निदान जुनं आहे: आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम), म्हणजे चिडक्या आतड्याचा आजार, जुलाबाकडे झुकणारा प्रकार. सगळ्या तपासण्या झाल्यात: रक्त, थायरॉइड, गव्हाची सिलिअ‍ॅकवाली, मलाची. काही सापडलं नाही, आणि या आजारात सापडतही नाही. आतडं दिसायला धडधाकट असतं, फक्त वागत नाही. निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम-४ निकषांत मोजमाप दिलंय: मागचे तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मलाच्या स्वरूपाशी, यातल्या किमान दोघांशी. माझा तिन्हींशी आहे.

डॉक्टरांनी एक यादी मात्र बजावून दिली. मलात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यातलं काही दिसलं तर "आयबीएसच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. गोळी चालू आहे, तिची नोंद इथे करणार नाही. ती ज्याची त्याची वेगळी.

३ जून

वही: ऑफिसात उरलेलं जुनं लेजर. रकाने आखलेलेच होते. तारीख, झोप, रात्रीचं जेवण, सकाळचं खाणं, धावणं (कुठे, किती, किती जोरात), पोट, शेरा. पोटाच्या रकान्यात ब्रिस्टल तक्त्याचा आकडा लिहायचा. १९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मलाचे सात प्रकार ठरवून दिले, एक म्हणजे खडे, सात म्हणजे पाणी. मध्ये चार आला की सुख. या तक्त्याची मोठी सोय म्हणजे वही टेबलावर उघडी राहिली तरी कुणाला काही कळत नाही. आज सरांनी पाहिली. "हे कुठल्या पार्टीचं?" म्हणाले. घरचंच आहे, म्हटलं.

जून महिना काही बदलायचं नाही. नेहमीचं खायचं, नेहमीसारखं धावायचं, फक्त लिहायचं.

८ जून, रविवार

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. घाट ओला, शेवाळ धरलेला, समोरचं वळण धुक्यात गडप. अर्ध्यापर्यंत गेले. चढताना पोट गप्प. उतरायला लागल्यावर पाच-सात मिनिटांत डाव्या कुशीत कळ आणि मग तो ओळखीचा घाम. चालत खाली आले. घरापर्यंत निभावलं.

१५ जून

पुन्हा तेच. चढण शांत, उतारावर गडबड. आता याचं कारण शोधलं पाहिजे, कारण माझ्या मनात उलटं होतं. दम चढणीला लागतो, म्हणजे त्रासही चढणीलाच व्हायला हवा.

वाचलं ते असं. जोराचा व्यायाम सुरू झाला की शरीर रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळवतं आणि आतड्याचं रक्त कमी होतं. फार जोर लावला तर ८० टक्क्यांपर्यंत. अंगातलं पाणी कमी असलं तर जास्तच. हे झालं एक. दुसरं, धावताना प्रत्येक पावलाला पोटातलं सगळं वरखाली आदळतं. सायकलवाल्यांना खालच्या पोटाचा त्रास धावणाऱ्यांपेक्षा कमी असतो, त्याचं कारण हेच सांगतात. तिसरं मन, त्यावर पुढे लिहीन.

माझ्या घाटात पहिली दोन कारणं पाळीपाळीने काम करतात. चढताना पावलं छोटी, आदळआपट नाही, पण रक्त पायांकडे. उतरताना दम नाही, पण आधीच उपाशी राहून चिडलेल्या आतड्याला हादरे. म्हणजे बिल चढणीचं, वसुली उतारावर. हा माझा अंदाज आहे, पण पुढच्या रविवारी तपासता येईल: चढण मुद्दाम सावकाश, बोलता येईल इतक्याच जोराने.

२२ जून, रविवार

तपासता आलं नाही. बोगद्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. समर्थ मंदिराच्या अलीकडूनच मागे फिरले. सकाळपासून तीनदा, ब्रिस्टल सहा. आदल्या रात्री मोसमाचा शेवटचा आमरस होता, दोन वाट्या. आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, आणि ते जादाचं फ्रुक्टोज ज्यांना नीट शोषता येत नाही त्यांच्या मोठ्या आतड्यात ते जाऊन आंबतं. शेरा: आमरस, संशयित.

सासूबाईंनी ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं. "पोटात काही नसताना पळत सुटायचं, मग दुसरं काय होणार?" रिकाम्या पोटी पळते म्हणून होतं असं त्यांचं, खाऊन पळते म्हणून होतं असं आईचं. दोघींचं एकाच मुद्द्यावर एकमत: पळू नये.

पळावं का, याचं उत्तर मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्वीडनमध्ये २०११ साली आयबीएसच्या शंभरेक रुग्णांवर झालेला एक अभ्यास आहे. निम्म्यांना बारा आठवडे व्यायाम वाढवायला सांगितला, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, वीस मिनिटं ते तासभर, मध्यम ते जोराचा. बाकीचे नेहमीसारखे राहिले. व्यायामवाल्यांचा त्रास कमी झाला, आणि बिघडलेल्यांची संख्या दुसऱ्या गटात जास्त निघाली. म्हणजे एकूणात व्यायामाने पोट सुधारतं. त्या त्या सकाळी बिघडतं. दोन्ही खरं आहे, आणि हा प्रकल्प त्या दोहोंच्या मधल्या जागेचा आहे.

२९ जून

चाचणी झाली. चढण इतकी सावकाश की अजिंक्यताऱ्यावर रोज जाणारे एक काका, आज घाटाला आलेले, शेजारून चालत पुढे निघून गेले. "काय, गुडघा दुखतोय का?" नाही काका, पोट. हे मोठ्याने बोलले नाही. उतारावर पावलं छोटी, टाच न आपटता. खालपर्यंत कळ आली नाही. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, तरी शेऱ्यात ठळक अक्षरात लिहिलं.

४ जुलै, शुक्रवार. कांदेनवमी

आहाराचा टप्पा आजपासून. आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून ठरवलं आहे.

पद्धत ऑस्ट्रेलियाची. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास मांडलेली, फॉडमॅप नावाची. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा आहेत. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतात आणि गॅस होतो. सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसवाल्याचं आतडं त्या ताणाला नको इतकं ओरडतं. म्हणून दोन ते सहा आठवडे हे सगळं कमी करायचं, मग एकेक परत आणून बघायचं, आणि शेवटी जे खरंच सोसत नाही तेवढंच सोडायचं. पहिला टप्पा कायमचा नसतो हे बाईंनी दोनदा सांगितलं. लोक त्यातच अडकून बसतात, मग जिवाणूंचीही उपासमार आणि माणसाचीही.

काय वगळायचं: कांदा, लसूण, गहू, राजमा-हरभरा, दूध, आंबा, सफरचंद, फ्लॉवर, काजू. म्हणजे आमच्या घरात पाणी राहिलं.

पण माझ्या मदतीला पंचांग आलं. आज कांदेनवमी. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळं केलं, आणि परवापासून चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद. मी म्हटलं, "आई, यंदा मीही पाळते." इतका आनंद त्यांना माझ्या कुठल्या पदवीने झाला नव्हता. ऑफिसात, भिशीत, माहेरी, कुठेही आता कारण सांगावं लागणार नाही. "चातुर्मास आहे" म्हटलं की ताटातून कांदा गुपचूप निघतो. "आयबीएस आहे" म्हटलं की प्रत्येकाकडे एक चूर्ण निघतं.

भजी आज खाल्ली नाहीत. एक खाल्लं.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज लक्षात आलं की उपासाचं ताट म्हणजे या ऑस्ट्रेलियन तक्त्याची मराठी आवृत्ती आहे. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, कडधान्य नाही. बटाटा चालतो, साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, काकडी चालते. भगर सोसली. अडचण एकच: खिचडीला सुटलेलं तूप. चरबी पोटात रेंगाळते आणि धावायच्या आधी नको असते. आज संध्याकाळी स्टेडियमवर गोल गोल धावले. कंटाळा भयंकर, पण संडास नजरेच्या टप्प्यात. पोट चार.

९ जुलै

खरी लढाई चटणीची. साताऱ्याकडे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात करून बरणीत दाबून ठेवलेला. आमटी, भाजी, रस्सा, मटकी, सगळ्यांत तोच. तो काढला की स्वयंपाकाचा आवाजच बंद.

दोन युक्त्या निघाल्या. पहिली: लसणातली जी शर्करा त्रास देते, फ्रुक्टॅन, ती पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर तळायच्या आणि पाणी किंवा भाजी पडायच्या आधी सगळ्या काढून टाकायच्या. तेलात वास राहतो, त्रास पाकळ्यांबरोबर जातो. तेल रोजचं रोज करायचं, करून ठेवायचं नाही. लसणाचं तेल साठवलं तर त्यात बोटुलिझम या विषबाधेचे जंतू वाढण्याचा धोका असतो. दुसरी: कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. तो सोसतो, पांढरा नाही. (पात सासूबाईंच्या चातुर्मासात बसते का? त्यांनी विचार करून "माझ्या ताटात नको, तुझ्यात चालेल" असा निकाल दिला.)

मसाला वेगळा केला: संकेश्वरी मिरची, धणे, जिरं, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, मिरी. आणि हिंग. डबीवरचं वाचून घेतला, कारण दुकानात मिळणारा बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैद्यात नाहीतर तांदळाच्या पिठात मिसळलेला असतो. तांदळाचा शोधला, मिळाला.

आईने फोनवर विचारलं, "अगं पण चव?" चव येते. झणका येत नाही.

१३ जुलै, रविवार

घाट, यवतेश्वरपर्यंत. वर गेल्यावर रस्त्यालगतच्या एका हॉटेलात जाऊन मालकीणबाईंना स्पष्ट विचारलं: मी रविवारी सकाळी इथून धावत जाते, कधी गरज पडली तर तुमचं बाथरूम वापरू का? त्या म्हणाल्या, "वापर की गं, त्यात विचारायचं काय." वाक्य बोलायला मला घाट चढण्यापेक्षा जास्त दम लागला.

आज गरज पडली नाही. पण उतरताना जाणवलं की मी घाटात पहिल्यांदाच इकडेतिकडे बघत होते. एरवी डोकं सतत एकच हिशोब करत असतं: इथून मागे किती, पुढे किती, झाडी कुठे दाट. त्या हिशोबानेच पोट आवळतं. मेंदूने धोका ओळखला की जो संदेश सुटतो त्याने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे शरीरशास्त्रात पक्कं आहे. जवळ संडास नाही हाच धोका असेल तर वर्तुळ पूर्ण होतं.

२००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफ शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला बसली, उठली आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत जिंकली. सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. तिचं खरंच कौतुक आहे. पण यवतेश्वराला येणारे निम्मे लोक माझ्या सासऱ्यांना ओळखतात.

२० जुलै, रविवार

सहा. सहा. पाच. धावणं रद्द.

आणि या खेपेला आंबा नाही, कांदा नाही, गहू नाही. कालचं जेवण भात, मुगाचं पातळ वरण, दुधीची भाजी. याहून निरुपद्रवी काही शिजवता येत नाही.

म्हणून वही घेऊन बसले आणि जेवणाचा रकाना हाताने झाकून नुसत्या तारखा वाचल्या. जूनमधला वाईट पट्टा दहा-अकराच्या आसपास, मग एकोणीस ते बावीस. जुलैतही दहा-अकरा, आणि आता हा. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. अकरा तारीख जीएसटीआर-१ ची शेवटची, वीस तारीख ३बीची, दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं. आमरस खाल्ला तो दिवस एकवीस जून होता.

आमरस निर्दोष सुटत नाही, त्यातल्या फ्रुक्टोजचं गणित खरंच आहे. पण एकटा आरोपी नाही. झोपेचा रकाना बघितला तर त्याच रात्री साडेचार-पाच तासांच्या. चहाचाही रकाना हवा होता, आजपासून घातला. आणखी एक: पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवसही ओळीने सैल आहेत. ते अपेक्षित होतं, त्या दिवसांत सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे आतडंही आकसतं. जुलैत पाळी आणि वीस तारीख एकाच आठवड्यात आली. ब्रिस्टल सहाचं गूढ संपलं.

२३ जुलै

नवा नियम, या शोधातून: अकरा आणि वीसच्या आठवड्यात जोराचं धावणं नाही, घाट नाही. स्टेडियमवर सावकाश अर्धा तास किंवा नुसतं चालणं. बंद मात्र करायचं नाही. मोठं धावणं महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या रविवारी. प्रशिक्षणाचे तक्ते सोमवार ते रविवार आखलेले असतात, माझा रिटर्नच्या तारखांवर आखलाय. आहारतज्ज्ञ बाईंना दाखवला, त्यांना आवडला. म्हणाल्या, शाळेतल्या एका शिक्षिकेचा असाच परीक्षांवर बेतलाय.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळचा क्रम आता ठरत आलाय, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात सर्वांत कामाची गोष्ट हीच. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं.

पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, ही सगळ्यांच्याच शरीराची सवय, आणि सकाळी ती जास्त जोरात असते. गरम पेय आणि चहा-कॉफीतलं कॅफिन तिला आणखी ढकलतं. मी आतापर्यंत घाईघाईत चहा घेऊन बाहेर पडत होते. म्हणजे आतड्याला उठवून सोबत पळवत होते. आता साडेचारला उठते. कोमट पाणी, मग अर्धा कप चहा, दूध नावाला. मग थांबायचं. वर्तमानपत्र यायच्या आधीची वेळ, घरात शांतता, घाई नाही. एकदा जाऊन येते, बहुतेक वेळा थोड्या वेळाने पुन्हा. मग अर्धी वाटी मऊ भात मीठ घालून, नाहीतर उकडलेला बटाटा. केळं घेतलं तर जरा कच्चट. पिकत जातं तसे त्यातले फ्रुक्टॅन वाढतात, काळे ठिपके पडलेलं केळं मला धावायच्या आधी नकोच. सव्वासहाला बाहेर.

आदल्या रात्री तंतू कमी: पालेभाजी, सालासकट काही, कोशिंबीर नाही. इसबगोल रोज, पण संध्याकाळी आणि भरपूर पाण्याबरोबर. विरघळणारा तंतू या आजारात उपयोगी पडतो असं मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. गव्हाचा कोंडा मात्र उलटा त्रास देऊ शकतो. "फायबर खा" एवढंच सांगणाऱ्यांना हा फरक माहीत नसतो.

आज घाट, वर आणि पुढे, दहा किलोमीटर. पोट: काही नोंद नाही.

१० ऑगस्ट

धावण्यातलं पाणी. तासाच्या वर जाणार असेन तर नुसतं पाणी पुरत नाही. दुकानातल्या ऊर्जेच्या जेलवर बारीक अक्षरात फ्रुक्टोज होतं, 'शुगर फ्री' गोळ्यांत सॉर्बिटॉल. दोन्ही माझ्या काळ्या यादीत, परत ठेवले. घरचं बरं: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबासाठी शाळेत शिकलेलं तेच. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडं पाणी पटकन आत ओढतं. एकदम पेलाभर नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. पोटालाही सराव लागतो. पहिल्या खेपेला डुचमळलं, आता नाही.

शेजारच्या एका धावपटूने गुडघ्यासाठी धावायच्या आधी वेदनाशामक घ्यायला सुचवलं. नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि जोराचा व्यायाम एकत्र आले की आतड्याच्या अस्तराला इजा वाढते. माझं अस्तर मला जपून वापरायचंय.

१४ ते ३१ ऑगस्ट

परत आणण्याचा टप्पा. एका वेळी एक पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग मधे मोकळे दिवस. धावणं सारखंच ठेवायचं, नाहीतर दोष कुणाचा कळत नाही. वीस तारखेभोवतीचे दिवस चाचणीतून वगळले.

गहू: दोन पोळ्या निर्विवाद चालतात. चारला फुगारा. इतके आठवडे भाकरीवर काढले, पण भाकरी काही वाईट नव्हती, ज्वारीचीच ठेवणार आहे धावायच्या आदल्या दिवशी.
दूध: चहातलं चालतं, पेला नाही. ताक चालतं.
लसूण: दोन पाकळ्या भाजीत सगळ्यांना मिळून, चालतं.
कांदा: अर्धा. नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत गेलेच नाही.

म्हणजे चातुर्मास संपला तरी कांद्याची बंदी संपणार नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटेल, सुनेला गोडी लागली.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

गणपतीतले उकडीचे मोदक सोसले, तांदूळ-खोबरं-गूळ. आज पुरणपोळी. हरभऱ्याची डाळ आणि गहू, दोन्ही एकाच घासात, वर दूध. गौरीच्या नैवेद्याला नाही म्हणायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, आणि उद्या धावायचं नाही हेही. दीड पोळी तुपाबरोबर. परिणाम रात्री नऊपासून, अपेक्षेप्रमाणे. शेरा: वसूल.

७ सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी काल झाली, गाव झोपलेलं. आजच बारा किलोमीटरचा दिवस ठरवला होता, कारण पुढचे दोन आठवडे भयंकर आहेत: अकरा, मग आयकर विवरणपत्रांची पंधरा (मूळची एकतीस जुलैची, मेमध्येच पुढे ढकललेली), मग वीस.

सव्वासहाला बोगदा. धुकं. चढण बोलता येईल इतक्याच वेगाने, स्वतःशी बोलत तपासलं. यवतेश्वरच्या पुढे पठाराचा वारा लागला. कासला जाणाऱ्या गाड्या इतक्या लवकरही सुरू झाल्यात. फुलांचा हंगाम असला की सप्टेंबरातले रविवार या रस्त्यावर गाड्यांचेच असतात, पुढच्या वर्षी शनिवार बघावा. घड्याळात सहा किलोमीटर दिसल्यावर मागे वळले. उतारावर एका वळणाला डाव्या कुशीत हलकीशी कळ आली. थांबले, शंभरेक पावलं चालले, पोटातून सावकाश श्वास सोडला. हॉटेल मागेच होतं, लागलंच तर परत जाता आलं असतं. कळ गेली. पुन्हा धावले.

खाली बोगद्यापाशी बारा. वेळ लिहीत नाही.

१७ सप्टेंबर

विवरणपत्रांची मुदत पंधराच्या रात्री उशिरा एका दिवसाने वाढली. आम्ही तेव्हा ऑफिसातच होतो. काल रात्री घरी आले तेव्हा दुसरा दिवस लागला होता. तीन दिवस चहा, वडापाव, बिस्किटं, झोप नाही. पोट: पाच, सहा, सहा, आज पाच.

मला बघायचं होतं ते वेगळंच. जूनमध्ये असा पट्टा आला की मी आठवडाभर घराबाहेर पडत नसे, आणि मग घाटाची भीती पुन्हा पहिल्यापासून. आज संध्याकाळी स्टेडियमवर चाळीस मिनिटं चालले, शेवटची दहा मिनिटं अगदी मंद धावले. काही झालं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

३बी काल गेलं. आज धावणं नाही, नियमाप्रमाणे. घरात वडे आणि खीर. वडे दोन, खीर चमचाभर.

बाकी राहिलेल्या चाचण्या: तूरडाळ, फ्लॉवर, सफरचंद. उद्या घटस्थापना. सासूबाईंचे नऊ दिवस उपास, म्हणजे घरात भगर-साबुदाणा-राजगिरा, माझं काम सोपं. तीस तारखेला टॅक्स ऑडिट, त्यामुळे घाट थेट ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तूरडाळ तेव्हापासून, अर्ध्या वाटीने सुरुवात. हॉटेलच्या बाईंना कंदी पेढे द्यायचे राहिलेत, त्या दिवशी घेऊन जायचे. कंबरेच्या पट्ट्यात पाव किलोचा पुडा बसतो का ते आज बघितलं. बसतो.